कवटीच्या जखमेत व्हॅन्कोमायसिन: मुंबईने स्वतःचं उत्तर शोधावं

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका,
मा. संचालक, वैद्यकीय शिक्षण व प्रमुख रुग्णालये,
आणि मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांतील सर्व न्यूरोसर्जरी विभागप्रमुख

सप्रेम नमस्कार.

मेंदूचं ऑपरेशन आटोपलं की जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून टाके घालण्याआधी डोक्याच्या कातडीखाली व्हॅन्कोमायसिन या प्रतिजैविकाची पूड भुरभुरायची, ही पद्धत गेल्या काही वर्षांत अनेक देशांत रुळली आहे. आपल्याकडेही काही सर्जन ती नेमाने वापरतात, काही अजिबात वापरत नाहीत. एकाच रुग्णालयात दोन युनिटची दोन मतं असू शकतात. सोमवारी ऑपरेशन झालेल्याच्या जखमेत पूड जाते, गुरुवारवाल्याच्या जात नाही, आणि दोघांच्याही घरच्यांना याचा पत्ता नसतो.

माझी विनंती दोन गोष्टींची आहे. कवटी उघडून केलेल्या प्रत्येक ऑपरेशननंतर जखमेची नोंद 90 दिवसांपर्यंत ठेवा. आणि त्या नोंदीच्या पायावर मुंबईतल्या सार्वजनिक रुग्णालयांनी मिळून या पुडीची रीतसर चाचणी घ्या. दुसरी गोष्ट पहिलीशिवाय होणार नाही, म्हणून क्रम हाच हवा.

मी नर्स आहे, आता निवृत्त. नोकरीतली बरीच वर्षं न्यूरोच्या ओटीत म्हणजे ऑपरेशन थिएटरात आणि वॉर्डात गेली. सर्जन जखम बंद करतात. पुढचे दिवस ती रोज उघडून बघायचं काम नर्सचं असतं. त्या नात्याने लिहिते आहे.

कवटीतला जंतुसंसर्ग म्हणजे नेमकं काय, हे आयुक्तसाहेबांसाठी आधी सांगते, कारण कागदावर ते फार किरकोळ दिसतं. मेंदूपर्यंत पोचायला सर्जन कवटीचा एक तुकडा कापून बाजूला काढतात. त्याला आम्ही बोन फ्लॅप म्हणतो. काम झालं की तो परत जागेवर बसवतात, वर कातडी शिवतात. डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे वरची जखम सहसा छान भरते. पण तो हाडाचा तुकडा झाडावरून तोडलेल्या फांदीसारखा असतो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. जंतू एकदा त्याला चिकटले की शिरेतून दिलेलं औषध तिथवर पुरेसं पोचत नाही. मग आठवडे-महिने काहीच कळत नाही. रुग्ण घरी जातो, टाके निघतात, केस उगवू लागतात, आणि एके दिवशी टाक्यांच्या रेषेवर एक लहानसं तोंड पडतं. त्यातून थोडा पू येतो. घरचे हळद लावतात, गावचा डॉक्टर गोळ्या देतो, आणि आत हाड सडत राहतं.

असा रुग्ण परत येतो तेव्हा बहुतेक वेळा दुसरं ऑपरेशन करून तो तुकडा काढून टाकावा लागतो. काढलेला संसर्गित तुकडा पुन्हा बसवता येत नाही. मग कित्येक आठवडे शिरेतून औषधं, आणि डोक्याच्या एका बाजूला हाड नसलेली मऊ जागा घेऊन महिनोन्‌महिने जगणं. त्या बाजूवर झोपायचं नाही, लोकलच्या गर्दीत चढायचं नाही, लहान मुलाला कडेवर घेताना त्याचा हात लागेल म्हणून जपायचं. संसर्ग पूर्ण गेल्याची खात्री झाली की मग तिसरं ऑपरेशन: टायटॅनियमची जाळी किंवा हाडाचं सिमेंट घालून कवटी पूर्ववत करणं. ज्यांच्या मेंदूत कर्करोगाची गाठ होती, त्यांची रेडिएशन या सगळ्यात लांबते. संसर्ग हाडाखालच्या, मेंदूच्या आवरणापलीकडे गेला तर मेंदूज्वर, मेंदूत गळू. ट्यूमर व्यवस्थित निघाला आणि माणूस जखमेने गेला, असं मी वॉर्डात पाहिलं आहे.

म्हणून पूड टाकणाऱ्या सर्जनांचा विचार मला पूर्ण समजतो. शिरेतून दिलेलं औषध जिथे पोचत नाही तिथे ते हातानेच ठेवलं तर त्या जागी त्याची मात्रा प्रचंड होते आणि रक्तात फारच थोडं जातं. व्हॅन्कोमायसिन शिरेतून देताना आम्हा नर्सेसना किती जपावं लागतं! तासभर तरी सावकाश सोडायचं, घाई केली की रुग्णाचा चेहरा-मान लाल होऊन खाज सुटते, रक्तदाब घसरतो, शिवाय मूत्रपिंडावर लक्ष ठेवायचं. जागेवर ठेवलेल्या पुडीत हा त्रास जवळपास नसतो. साधारण एक ग्रॅमची एक कुपी पुरते, आणि तिची किंमत दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चापुढे काहीच नाही. विचार पटणारा आहे. पण पटणारे विचार वॉर्डात खोटे ठरताना मी पाहिले आहेत, म्हणून पुरावा कुठवर आहे ते बघायला हवं.

कवटीच्या ऑपरेशनांबद्दल जे अभ्यास प्रसिद्ध झाले, त्यातले बरेचसे एकेका रुग्णालयाचे आणि जुने कागद काढून केलेले आहेत. पूड सुरू करण्याआधीचे रुग्ण आणि नंतरचे रुग्ण यांची तुलना. बहुतेकांचा कल पुडीच्या बाजूने आहे. पण ज्या वर्षी विभाग संसर्गाविरुद्ध कंबर कसतो, त्या वर्षी फक्त पूड येत नाही; हात धुण्यावर लक्ष वाढतं, ओटीचं दार कमी वेळा उघडतं, ड्रेसिंग काळजीने होतं. श्रेय कोणाला द्यायचं?

चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या ज्या मोठ्या चाचण्या माझ्या वाचनात आल्या त्या दुसऱ्या अवयवांच्या आहेत, आणि त्यातली एक आपल्याच देशातली आहे. कोइंबतूरच्या गंगा हॉस्पिटलने पाठीच्या कण्याच्या 907 रुग्णांवर ती केली आणि 2013 मध्ये प्रसिद्ध केली. एका गटाला नेहमीचं शिरेतलं औषध, दुसऱ्या गटाला त्याशिवाय जखमेत व्हॅन्कोमायसिनची पूड. संसर्ग पूड नसलेल्यांत 1.68 टक्के, पूड असलेल्यांत 1.61 टक्के. म्हणजे फरक नाही. त्यांच्याकडे मुळात संसर्गच इतका कमी होता की पुडीला कमी करायला काही उरलंच नव्हतं, असा मी त्याचा अर्थ लावते.

दुसरी अमेरिकेतली. 36 ट्रॉमा केंद्रं, 980 रुग्ण, गुडघ्याजवळ किंवा घोट्याजवळ नडगीचं हाड मोडलेले. 2021 मध्ये निकाल आला: खोल संसर्गाचं प्रमाण 9.8 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर. चांगला निकाल, पण संख्याशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर काठावरचा. प्रयोगशाळेत रंग देऊन जंतूंचे ग्रॅम पॉझिटिव्ह आणि ग्रॅम निगेटिव्ह असे दोन मोठे गट पाडतात. त्यातली महत्त्वाची बाब अशी की जो फायदा झाला तो केवळ ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंपुरता. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंवर पुडीचा काहीही परिणाम नव्हता.

त्यात नवल नाही. बोर्निओच्या मातीत सापडलेल्या जंतूपासून मिळालेलं आणि अमेरिकेत 1958 मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची भिंत बांधू देत नाही. ग्रॅम निगेटिव्ह जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, त्यातून हे औषध आतच शिरत नाही. आता आपला प्रश्न. पाश्चात्त्य देशांत कवटीच्या जखमेत प्रामुख्याने कातडीवरचे स्टॅफिलोकोकस आणि क्युटिबॅक्टेरियम सापडतात, तिथे पूड उपयोगी पडण्याची शक्यता खरीच आहे. आपल्या रुग्णालयांत मात्र ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही ग्रॅम निगेटिव्ह मंडळी आयसीयूत ठाण मांडून असतात, तीही बऱ्याच औषधांना न जुमानणारी. तुमच्या विभागातल्या बिघडलेल्या जखमांत निम्म्याहून जास्त हे जंतू असतील तर कितीही व्हॅन्कोमायसिन भुरभुरलं तरी त्या निम्म्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. कदाचित तोटाच: एका जातीचे जंतू मारून दुसऱ्यांना मोकळं रान. हे माझं भाकीत नव्हे. तुमच्या मायक्रोबायोलॉजी विभागाच्या रजिस्टरांत याचं उत्तर पडून आहे. न्यूरोच्या जखमांचे पू-तपासणीचे अहवाल काढा, एका टेबलावर ठेवा. या कामाला निधी लागत नाही.

मोठ्या संस्थांचं म्हणणंही इथे सांगायला हवं. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने, 2017 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं की संसर्ग टाळण्यासाठी ऑपरेशनच्या जखमेवर मलम, द्रावण किंवा पूड या कुठल्याच रूपात प्रतिजैविक लावू नये. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये जखम बंद करण्याआधी प्रतिजैविकाच्या पाण्याने धुण्याविरुद्ध मत दिलं. या सूचना सर्व प्रकारच्या ऑपरेशनांसाठी होत्या, कवटीतल्या पुडीचा स्वतंत्र विचार करून केलेल्या नव्हत्या, आणि त्यानंतरही संशोधन झालं आहे. त्यामुळे पूड वापरणारा सर्जन चुकतोच आहे असं मी म्हणणार नाही. पण शिरेतून द्यायला बनवलेली कुपी जखमेत रिकामी करताना तो एक उघडा प्रश्न हाताळतो आहे, हे त्याने आणि रुग्णाने दोघांनीही जाणून असावं.

मेंदूच्या शेजारी औषध ठेवण्यात एक वेगळी जोखीम आहे. पेनिसिलिन थेट मेंदूच्या पृष्ठभागावर पडलं तर झटके येतात, हे इतकं पक्कं माहीत आहे की प्रयोगशाळेत प्राण्यांमध्ये अपस्मार निर्माण करायला तेच वापरत आले. व्हॅन्कोमायसिनची पूड हाडाच्या वर, कातडीखाली टाकतात, मेंदूच्या आवरणाच्या आत नाही, आणि तिच्या बाबतीत असे झटके दिसल्याचं चित्र आजवर नाही. पण आवरण नीट शिवलं गेलं नसेल, सीएसएफ म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असेल, तर पूड वरच राहील याची हमी कोणी द्यावी? डोळ्याच्या बाबतीत काय झालं ते आठवा. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर संसर्ग नको म्हणून डोळ्यात व्हॅन्कोमायसिन टोचायची चाल पडली होती. काही रुग्णांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या त्याने बंद पडल्या, दृष्टी गेली. 2017 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला. एकेका सर्जनला असा रुग्ण क्वचितच भेटला असता. ठिकठिकाणचे रुग्ण एकत्र मांडले तेव्हा औषधाशी असलेला संबंध दिसला.

आणि प्रतिजैविक-प्रतिरोध, म्हणजे जंतू औषधाला दाद देईनासे होणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात व्हॅन्कोमायसिन ‘वॉच’ गटात आहे, म्हणजे जपून वापरायच्या औषधांत. एमआरएसएने, म्हणजे नेहमीच्या औषधांना न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकोकसने, रुग्ण तापलेला असतो तेव्हा आमच्या हाताशी हेच असतं. एकदाच टाकलेली पूड प्रतिरोध वाढवते की नाही यावर सर्जन वाद घालतील, आणि तो वादही मोजूनच मिटेल.

आता थोडं कडवट वाटेल असं. पुडीची चर्चा करताना मला भीती वाटते ती अशी की ती टाकली की बाकीचं सगळं क्षम्य होतं. मी जिथे नोकरी केली त्या रुग्णालयाचं नाव घेत नाही. तिथे अनेक वर्षं ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी न्हावी येऊन वस्तऱ्याने डोकं गुळगुळीत करायचा. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे काप पडतात आणि रातोरात त्यात जंतू वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये निःसंदिग्ध सांगितलं: केस काढूच नका, काढायचेच तर क्लिपरने म्हणजे केस कापायच्या मशीनने, वस्तरा कधीही नाही. क्लिपरची किंमत किती असते? आणि बाईच्या डोक्यावरचे केस म्हणजे काय असतात हे ज्यांनी आरसा मागणाऱ्या रुग्णाला उत्तर दिलं आहे त्यांना विचारा. छेदाच्या रेषेपुरतीच पट्टी काढून चालतं, कित्येक ठिकाणी तेही लागत नाही.

तसंच सेफॅझोलिन या ऑपरेशनआधी द्यायच्या प्रतिजैविकाचं. छेद घेण्याआधीच्या तासाभरात शिरेतून एक मात्रा, ऑपरेशन चार तासांवर गेलं तर दुसरी, आणि टाके पडले की बंद. ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, असला तरी बंद. याऐवजी आपल्याकडे भारी इंजेक्शनं पाच-सात दिवस चालू राहतात, कारण थांबवण्याची जबाबदारी घ्यायला कोणी धजत नाही. ती जादा इंजेक्शनं जखम वाचवत नाहीत, आयसीयूतल्या त्या हट्टी जंतूंना मात्र पोसतात. मधल्या तासांत ओटीचं दार किती वेळा उघडतं, शिकाऊ डॉक्टर किती आत उभे असतात, रुग्ण थंडीने कुडकुडतो का, साखर किती आहे, सीएसएफ गळत असेल तर किती तासांत लक्षात येतं: जखमेचं भवितव्य ठरवणाऱ्या गोष्टी या आहेत. त्या बसल्यावर उरलेल्या संसर्गासाठी पुडीचा विचार करायचा.

आता मोजण्याकडे येते, कारण माझं खरं दुखणं तिथे आहे. कवटीच्या ऑपरेशननंतरच्या खोल संसर्गावर 90 दिवस लक्ष ठेवायचं, असं सीडीसीची पाहणी-पद्धत सांगते. मी नोकरीला होते तिथे जखमेची नोंद टाके काढण्याच्या दिवशी संपायची. रुग्ण रत्नागिरीला, बीडला, गोरखपूरला निघून जायचा. जखम बिघडली की तो जवळच्या दवाखान्यात जायचा, आणि आमच्या रजिस्टरमध्ये तो बरा होऊन गेलेलाच राहायचा. अशा रजिस्टरवरून काढलेली टक्केवारी कितीही सुंदर दिसली तरी तिच्यावर पूड टाकण्याचा किंवा न टाकण्याचा निर्णय उभा राहू शकत नाही.

आमच्या व्यवसायाची आद्य स्त्री फ्लॉरेन्स नाइटिंगेल हातात दिवा घेतलेली दाखवतात. तिने क्रिमियाच्या युद्धात सैनिक कशाने मरतात ते मोजलं, जखमांपेक्षा रोगांनीच जास्त मरतात हे आकृत्या काढून सरकारपुढे मांडलं, आणि 1858 मध्ये ती लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेची पहिली स्त्री सदस्य झाली. मोजणं हे नर्सचंच काम आहे, त्यासाठी डॉक्टरांची वाट बघायला नको. प्रत्येक न्यूरो युनिटला एक नर्स या कामासाठी द्या, ड्युटी म्हणून, उरल्या वेळात करायचं काम म्हणून नको. डिस्चार्जच्या वेळी रुग्णाचा आणि घरातल्या आणखी एकाचा मोबाइल नंबर घ्यावा. पंधरा दिवस, एक महिना, दोन महिने आणि तीन महिने झाल्यावर फोन. टाक्यांच्या रेषेचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवायचा. सूज आहे का, ओल येते का, ताप आहे का, डोकं ठणकतं का: चार प्रश्न, मराठीत आणि हिंदीत. शंका आली तर तारीख द्यायची आणि त्या दिवशी ओपीडीच्या रांगेत उभं न करता थेट बघायचं. हे शेवटचं पाळलं नाही तर तिसऱ्या फोनला कोणी उत्तर देणार नाही.

अशी नोंद वर्षभर झाली की चाचणीचं गणित मांडता येईल. उदाहरण म्हणून धरा की शंभरातल्या पाच जखमा बिघडतात आणि पुडीने त्या अडीचवर येतील अशी आशा आहे. हा फरक खात्रीने पकडायला दोन्ही गटांत साधारण 900-900 रुग्ण लागतात. एका रुग्णालयाला हे झेपायचं नाही, आणि म्हणूनच एकेका रुग्णालयाचे लहान अभ्यास उत्तर देऊ शकत नाहीत. पण महापालिकेची मोठी रुग्णालयं आणि राज्य सरकारचं जे.जे. एकत्र आले तर ही संख्या आवाक्यात येते. रुळांवरचे अपघात, दुचाकीवरून पडणं, उंचावरून कोसळणारे बांधकाम मजूर, आणि राज्याच्या कानाकोपऱ्यातून येणाऱ्या मेंदूच्या गाठी: डोक्याच्या शस्त्रक्रियांचा एवढा ओघ फार थोड्या शहरांत असेल. सगळीकडे एकच पद्धत, एकच नोंदपत्रक, लिफाफ्यातली चिठ्ठी, आणि जखम तपासणाऱ्याला पूड पडली की नाही हे ठाऊक नसणं. चाचणीची नोंद आधीच राष्ट्रीय नोंदणीत करावी, म्हणजे निकाल पुडीच्या विरुद्ध गेला तरी तो लपणार नाही.

परळमध्येच केईएमपासून जवळ हाफकिन संस्था आहे. 1897 च्या जानेवारीत, प्लेगने मुंबई रिकामी होत असताना, शास्त्रज्ञ हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि मग भायखळ्याच्या तुरुंगात टोचलेले आणि न टोचलेले कैदी यांची तुलना केली. कैद्यांवर असा प्रयोग आज कोणी करणार नाही, करूही नये. पण साथ दाराशी असताना सुद्धा अंदाजावर न राहता तुलना करायची, हे या शहरात सव्वाशे वर्षांपूर्वी झालेलं आहे.

संमतीबद्दल मला आग्रहाने सांगायचं आहे. आपल्या वॉर्डातला रुग्ण गरीब असतो, त्याचे नातेवाईक फुटपाथवर झोपलेले असतात, आणि डॉक्टर सांगतील तिथे ते अंगठा देतात. म्हणूनच ही संमती घाईत, स्ट्रेचर ओटीच्या दाराशी असताना घेऊ नका. ठरवून केलेल्या ऑपरेशनांपासून सुरुवात करा, जिथे आदल्या दिवशी बसून बोलता येतं. त्यांना सांगा की ही पूड उपयोगी आहे की नाही हे आम्हाला नक्की माहीत नाही, म्हणून चिठ्ठी टाकणार आहोत. तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काडीचा फरक पडणार नाही. नातेवाइकांना हे समजत नाही असं मला अनेक डॉक्टर सांगत आले. माझा अनुभव उलट आहे. खाली बसून, त्यांच्या भाषेत, पाणी विचारून सांगितलं की त्यांना सगळं समजतं, आणि त्यांचे प्रश्न आपल्याला विचारात पाडतात.

चाचणी संपेपर्यंत ज्यांना पूड वापरायची आहे त्यांनी ती खुशाल वापरावी, पण ऑपरेशनच्या कागदावर मात्रा आणि जागा लिहावी, डिस्चार्ज कार्डावर एक ओळ टाकावी. उद्या दुसऱ्या रुग्णालयात जखम उघडणाऱ्या डॉक्टरला ती ओळ लागेल.

आयुक्तसाहेब, यातल्या पहिल्या टप्प्याला तुमची एक सही पुरेशी आहे: प्रत्येक न्यूरो युनिटला एक नर्स, एक फोन, आणि 90 दिवसांचं नोंदपत्रक. पत्रकाचा मसुदा मी आणि माझ्यासोबत निवृत्त झालेल्या काही सिस्टरांनी तयार केला आहे. भेटीची वेळ दिलीत तर घेऊन येते, आणि सुरुवातीचे काही महिने फोन करायला आम्ही बिनपगारी बसू.

आपली नम्र,
एक निवृत्त ओटी सिस्टर
लालबाग, मुंबई